रूळ इथंच का संपतात?

एका कापसाच्या गावाची गोष्ट. बंडी, धाव, दलाल, जीन आणि रेल्वे. सगळं होतं. कुणासाठी होतं, एवढाच प्रश्न आहे.

मुंबईत हार्बर लाइनवर ‘कॉटन ग्रीन’ नावाचं स्टेशन आहे. दोन वर्षं मी रोज त्या स्टेशनावरून ये-जा करतोय. कानात इयरफोन, हातात मोबाइल. एके दिवशी कोकणातला रूममेट सोबत होता. बाहेर बघत म्हणाला, ‘‘ग्रीन काय म्हणून? इथं हिरवं तर काहीच दिसत नाही.’’

मी सहज शोधलं. ग्रीन म्हणजे मोकळं मैदान. पूर्वी कोलाब्याला कापसाच्या गठाणी मोकळ्या मैदानावर रचून ठेवत, त्यांचा सौदा होई. पुढं हा बाजार शिवडीकडे हलला, पण नाव तेच राहिलं. आणि तिथं येणारा बराच कापूस कुठला? वऱ्हाडातला. म्हणजे आमच्याकडचा. मी खामगावचा.

गंमत बघा, मी ज्या स्टेशनावरून रोज ऑफिसला जातो, ते माझ्याच गावच्या रस्त्याचं दुसरं टोक निघालं!

या दिवाळीत घरी गेलो, तेव्हा पहिल्यांदाच गावचं रेल्वे स्टेशन नीट बघितलं. भुसावळ-नागपूर या मुख्य मार्गावर जलंब लागतं. तिथून एक छोटा फाटा निघतो. जेमतेम १३ किलोमीटर. खामगावात येतो आणि संपतो. जालन्याकडे मार्ग वाढवा, ही मागणी ब्रिटिशांच्या काळापासूनची. आमच्या पिढीनं ती फक्त निवडणुकीत ऐकली.

मग मनात आलं, आठ मैलांचा फाटा टाकायचा आणि पुढं जायचंच नाही, असा रेल्वेमार्ग कुणी कशाला बांधेल?

आधी बैल, मग इंजिन

खामगावची बाजारपेठ साधारण १८२० च्या सुमाराची. काही व्यापाऱ्यांनी दुकानं टाकली. धंदा कशाचा? तूप, सूत आणि थोडासा कापूस. थोडासा, हे लक्षात ठेवा.

तेव्हा वऱ्हाडातला माल बैलांच्या पाठीवर जायचा. बंजाऱ्यांचे तांडे गोण्या लादून निघायचे, ते थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत. अंतर ५०० मैलांच्या आसपास. वाटेत पाऊस लागला तर माल भिजायचा, बैल मेले तर माल तिथंच. पण त्या प्रवासावर हजारो कुटुंबं जगत होती. येताना ते मीठ आणि इतर माल घेऊन येत. बंजारा म्हणजे त्या काळाचा ट्रान्सपोर्टवाला.

१८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस थांबला, तशा इंग्लंडच्या गिरण्या हवालदिल झाल्या आणि सगळ्यांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीकडे वळली. भाव काही पटींनी चढले. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव आपटले. पण तोवर इंग्रजांना रस्ता सापडला होता.

१८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावात आला आणि त्यानं जलंब-खामगाव फाट्याचं उद्घाटन केलं. विचार करा, तेरा किलोमीटरच्या रुळांसाठी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय! आदल्याच वर्षी सुएझ कालवा सुरू झाला होता. तारायंत्र आलं होतं. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यानं तारेनं मागणी करायची आणि काही आठवड्यांत आमच्याकडची रुई तिथल्या धक्क्यावर उतरवून घ्यायची, अशी ही साखळी होती.

माझ्या प्रश्नाचं उत्तर इथंच होतं. रूळ कापूस बाजारापर्यंत आणायचे होते, ते आले. त्यापुढं गठाण नव्हती, म्हणून रूळही नव्हते.

एक बंडी बाजारात येते

आता एका बंडीच्या मागे मागे चला. दिवाळीनंतरचे दिवस आहेत. शेतकऱ्यानं कापूस भरलाय आणि पहाटेच बैल जुंपलेत.

बंडी म्हणजे नुसती बंडी नव्हे. तिच्यामागं अर्धं गाव. सुतारानं बाभळीच्या लाकडाचं चाक केलं. मधला तुंबा, त्यात आरे, बाहेरून लाकडी पाटे. मग काम लोहाराचं. लोखंडी पट्ट्याची गोल धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, चार जणांनी सांडशीनं उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. चर्र आवाज येतो, धाव आकसते आणि चाकाला अशी घट्ट बसते की वर्षानुवर्षं हलत नाही. चांभार आसूड आणि चामडी पट्टे करायचा, तेली वंगणाला तेल द्यायचा. दोर, कासरे, वेसणी, घुंगरमाळा यांचं वेगळं दुकान. ते आमचं. म्हणजे माझ्या पणजोबांनी काढलेलं. त्याची गोष्ट पुढं सांगतो.

बंडी बाजारात पोचली की शेतकऱ्याच्या हातातून दोर सुटला म्हणून समजा. अडत्याच्या दुकानापुढं बंडी लागते. दलाल येतो, मूठभर कापूस काढून बोटांत ताणून बघतो, ‘‘ओला आहे’’ म्हणतो. अनेक बाजारांत भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा. घेणाऱ्याला कळायचा, दलालाला कळायचा. ज्याचा माल, त्याला मात्र शेवटी सांगायचा.

मग मापारी तोलणार, त्याची तोलाई. हमाल उतरवणार, त्याची हमाली. अडत्याची अडत, दलालाची दलाली. माल खराब म्हणून कडता. वर धर्मादाय. हे सगळं वजा होऊन जे उरतं, त्यातून सावकाराचं देणं. पेरणीच्या वेळी सवाई-दिढीनं उचललेलं असतं ना! आणि बरेचदा सावकार, अडत्या आणि किराणा दुकानदार ही तीन माणसं नसतातच, एकाच गादीवर बसलेला एकच माणूस असतो.

इंग्रजांनी नियम केले नाहीत असं नाही. वऱ्हाडात कारंज्याचा कापूस बाजार १८८६ मध्ये नियमाखाली आला. १८९७ मध्ये वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी खास कायदा झाला. आजच्या बाजार समित्यांचं मूळ तिथंच. पण त्या पहिल्या समित्या व्यापाऱ्यांच्या हाती होत्या. ज्याचा कापूस, त्याला खुर्ची नव्हती.

भोंगा वाजला की

बाजारातून कापूस जिनात. पूर्वी बाया घरोघरी हातरेच्यावर सरकी काढायच्या. वाफेचे जीन आले आणि ते काम घरातून कारखान्यात गेलं. प्रेसमध्ये रुई दाबून गठाण बांधायची. मुंबईच्या हिशेबात खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे ३९२ पौंडांच्या दोन गठाणी. व्होल्कार्ट, रॅली अशा युरोपातल्या कंपन्यांनी वऱ्हाडात एजन्सी थाटल्या. स्वित्झर्लंडच्या व्होल्कार्टची एजन्सी खामगावातही होती.

जीन चालायचं मोसमात, त्यामुळे गावही मोसमात जागं व्हायचं. चार-पाच महिने खानावळी भरलेल्या, चहा-चिवड्याची दुकानं रात्री उशिरापर्यंत चालू. स्टेशनावर टांगे, साहेब-शेटजींसाठी दमणी आणि रेंगी. शिंप्याला कपडे शिवायला फुरसत नाही, कासाराकडे बांगड्या भरायला रांग, सोनाराकडे पाटल्या मोडायला आणि घडवायला गर्दी. होळी झाली की शांत. टांगेवाल्याचा घोडा झाडाखाली, हमाल गावाकडे.

या झगमगाटात एक चित्र मात्र सहसा कुणी दाखवत नाही. जिनात बहुतेक बायाच असायच्या. शेजारच्या खानदेशातल्या जिनांबद्दल १८८० च्या दशकात फॅक्टरी आयोगापुढं जी साक्ष झाली, त्यात मोसमात बाया पहाटेपासून रात्रीपर्यंत सतरा-अठरा तास काम करतात, असं सांगितलं गेलं. नाकातोंडात रुई, कडेला झोळीत लेकरू. आपल्यापैकी कित्येकांच्या पणज्या-खापरपणज्या तिथं होत्या. फोटोत मात्र पगडीवाले शेटजी आणि टोपीवाले साहेब.

कुणाचं गेलं, कुणाचं आलं

रेल्वे आली आणि पहिला धंदा बसला बंजाऱ्यांचा. तांडे जागच्या जागी थांबले. वर १८७१ च्या कायद्यानं भटक्या जमातींवर ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारायला सुरुवात झाली आणि पुढं काही प्रांतांत बंजारेही त्यात आले. कालपर्यंत जे देशाचा माल वाहत होते, ते आज संशयित.

सूतवाल्यांचंही तेच. विलायती सूत आणि कापड त्याच गाडीनं येऊ लागलं, ज्या गाडीनं रुई जायची. जी बाजारपेठ सुताच्या धंद्यानं सुरू झाली, तिथं सूत कातणाऱ्यांनाच काम उरलं नाही.

आणि सगळ्यात मोठी किंमत धान्याची. जिथं ज्वारी होती, तिथं कापूस चढला. भाव बरा असला की घरात पैसा, त्यातून धान्य विकत घ्यायचं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत धान्य महागलं आणि हातात पैसा नव्हता. रुळांवरून धान्य येऊ शकत होतं, पण घ्यायला कुणाकडे काय होतं? १८९१ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या २८ लाख ९७ हजार होती, १९०१ मध्ये ती २७ लाख ५४ हजार भरली. दहा वर्षांत लोक वाढायला हवे होते, ते कमी झाले. देशातल्या नामांकित कापूस बाजारांच्या मुलखात!

हे वाचलं तेव्हा स्टेशनावरचा तो शेवटचा रूळ मला वेगळाच दिसला.

अशीच दुसरी गाडी म्हणजे आपली ‘शकुंतला’. मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज. तीही कापसासाठीच आणि ब्रिटिश कंपनीच्या मालकीची. आज तिचे रील्स व्हायरल होतात, खाली ‘नॉस्टॅल्जिया’ लिहिलेलं असतं. नॉस्टॅल्जिया ठीक आहे, पण गाडी आजीला माहेरी न्यायला सुरू झाली नव्हती. आजीनं ती आपली करून घेतली, हे खरं. गठाणीसाठीच्या गाडीत माणसं बसली, शाळेत गेली, लग्नाला गेली. श्रेय त्यांचं.

दोराचं दुकान

आता आमच्या दुकानाचं. बाबांनी ते यंदा पोळ्यानंतर बंद केलं. मला फोनवर सांगितलं नव्हतं. घरी गेलो तर शटर खाली आणि कासऱ्यांची बंडलं ओसरीवर.

मी म्हटलं, ‘‘बाबा, सांगितलं का नाही?’’

‘‘काय सांगू? दुकान बैलाईचं होतं रे. बैलच नाई राह्यले, तं दुकान कायचं?’’

रागावून नाही, हिशेब सांगावा तसं म्हणाले. ट्रॅक्टर आला, ट्रॉली आली, कापसाच्या वावरात सोयाबीन आलं. पोळ्याला पूर्वी पंधरा दिवस आधीपासून उभं राहायला जागा नसे. यंदा तीन दिवसांत जेमतेम गिऱ्हाईक. आमच्या गल्लीतले लोहारकाका आता धाव चढवत नाहीत, गेट आणि ग्रिल वेल्ड करतात. त्यांचा मुलगा पुण्यात चाकणला आहे.

मी मुंबईत काय करतो? जहाजानं जाणाऱ्या कंटेनरची कागदपत्रं. कधी कधी त्यात कापसाच्या गठाणीही असतात. पणजोबा बंडीचा दोर विकायचे, मी बिल ऑफ लेडिंग भरतो. साखळी तीच, मी फक्त दुसऱ्या टोकाला आहे.

बाबांना हे सांगितलं तर हसले. मग म्हणाले, ‘‘मंग तुले त्या कागदावर दिसत अशीन ना, कास्तकाराले किती भेटते?’’

नाही दिसत. माल किती, वजन किती, बंदर कुठलं, घेणारा कोण, सगळं असतं. पिकवणाऱ्याचा रकानाच नसतो.

आपल्या जिल्ह्यातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग गेलाय. खामगाव-जालना रेल्वेही कधी तरी होईल. व्हावीच. रस्ते वाईट नसतात. पण नवा रस्ता आला की त्यावरून काय जाणार आहे आणि परत काय येणार आहे, एवढं विचारायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही. १८७० मध्ये ते विचारायची सोय आपल्या माणसांना नव्हती. आपल्याला आहे.

आणि एक काम घरच्या घरी. आजी-आजोबा, काका-मावशी यांना विचारा, आपल्या घरात आधी धंदा काय होता? कुणी मापारी निघेल, कुणी जिनातली बाई, कुणी टांगेवाला, कुणी तांड्याचा नाईक. लिहून ठेवा, फोनवर रेकॉर्ड करा. नाही तर उद्या स्टेशनाचं नाव तेवढं राहील आणि कुणी तरी विचारेल, ‘इथं हिरवं तर काहीच दिसत नाही.’

निघताना बाबांनी एक घुंगरमाळ पिशवीत घातली. पितळेची, जुन्या मालातली. ती आता मुंबईच्या खोलीत खिळ्याला टांगलीय. पंख्याच्या वाऱ्यानं अधूनमधून वाजते. रूममेटनं विचारलं, ‘‘हे काय?’’

म्हटलं, ‘‘आमचं दुकान.’’