डाव्या सुळ्याची खाच

डिसेंबरात पन्हाळ्यावरचं धुकं लवकर हलत नाही. गड समुद्रसपाटीपासून हजार मीटरला थोडा कमी; खाली कोल्हापुरात स्वेटरवर भागतं तिथं इथं कानटोपी लागते. तीन दरवाजाच्या बाजूला झुणका-भाकरीच्या चुली पेटल्या की पर्यटक एकाच बैठकीत उकळता चहा, खर्डा आणि मडक्यातलं गार दही रिचवतात. त्यात एखादा पहिल्याच चमच्याला गाल धरून बसतो. गाल धरणाऱ्यांचं पुढं काय होतं ते पाहायला मी पायथ्याकडच्या एका दंतवैद्यांच्या दवाखान्यात, त्यांच्या परवानगीनं, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो.

खुर्चीत गडावर भाकऱ्या थापणाऱ्या एक मावशी होत्या. "सकाळी घागरीतलं पाणी तोंडात घेतलं की कळ पार डोळ्यापातूर जाती बघा."

"पाणी गिळल्यावर थांबते, का ठणकत राहते?"

"लगेच थांबती."

"गरम चहानं? रात्री झोपेतनं उठवते?"

"न्हाई ओ."

निम्मी तपासणी इथंच झाली. मग डॉक्टरांनी हवेचा फवारा हातात घेतला. शेजारचे दात बोटानं झाकून एकेका दाताच्या मुळाशी, हिरडीच्या कडेला, हवेची बारीक फुंकर. उजवी बाजू शांत. वरच्या डाव्या सुळ्यापाशी मावशींचे खांदे एकदम वर गेले. टोकदार सळई तिथून अलगद फिरवली तर ती अडकली. हिरडीलगत दाताला चक्क खाच पडली होती.

"उजव्या हातानं घासता काय मावशी?"

"मग काय डाव्या हातानं?"

उजव्या हातानं घासणाऱ्याचा जोर डावीकडं, जबड्याच्या वळणावरच्या सुळ्यावर आणि त्यामागच्या दाढांवर पडतो. त्यामुळं खाच कुठं आहे यावरून हात ओळखता येतो.

दाताच्या वरच्या कठीण कवचाला, म्हणजे इनॅमलला, संवेदना नसते. ते झिजलं किंवा हिरडी मागं सरकली की आतलं डेंटिन उघडं पडतं. त्यात एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारो सूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. थंडी लागली की हा द्रव आकसून बाहेरच्या बाजूला सरकतो आणि आतल्या शिरेला ओढ बसते. स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात प्रयोगांनी हे मांडलं. फुंकरीनं नळीचं तोंड सुकतं, तेव्हाही द्रव असाच हलतो. म्हणून फवाऱ्याची परीक्षा. गड चढताना तोंडानं श्वास घेणाऱ्यांची वाऱ्यावर हीच परीक्षा होत राहते. नाकानं श्वास घ्यावा, तोंडावरनं मफलर घ्यावा, एवढा साधा उपाय कुणी सांगत नाही, कारण तो विकता येत नाही.

सुळ्याची खाच खोल होती, ती भरायची ठरली. कापसाच्या वळकट्या गालात बसल्या. जागा फवाऱ्यानं न सुकवता कापसानं टिपली. आधीच दुखऱ्या जागी पुन्हा वारा कशाला? ग्लास आयोनोमरची पूड आणि द्रव कागदी पॅडवर घोटला. लगद्यावर चकाकी असेपर्यंतच तो दाताला नीट चिकटतो, त्यामुळं इथं डॉक्टर बोलायचे थांबले. भरलं, आकार दिला, घट्ट झाल्यावर लाळेपासून जपायला वरून लेप दिला. बाजूच्या दाढांच्या उथळ खाचांना नुसतं फ्लोराइडचं व्हार्निश.

मग प्लास्टिकच्या जबड्यावर घासण्याचा धडा. मऊ ब्रश, मुठीत नव्हे, बोटांत धरायचा; आडवं खरवडायचं नाही. पेस्ट थुंकायची, पण लगेच खळखळून चूळ भरायची नाही. बोरं-आवळे खाल्ल्यावर अर्धा तास ब्रश लावायचा नाही, कारण आंबटानं कवच तेवढा वेळ मऊ पडलेलं असतं. पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट शिरेला हळूहळू शांत करते. दोन ते चार आठवडे रोज लावावी लागते. चार दिवसांत ट्यूब कोपऱ्यात टाकणाऱ्यांना मी दोष देणार नाही. जाहिरातीत माणूस पहिल्या घासालाच आइस्क्रीम चावत असतो.

"मशेरी?"

"ती लावल्याबिगर चहा गोड लागत न्हाई. दोन येळा लावतो."

तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर केंद्र सरकारनं १९९२ सालीच बंदी घातली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूला ती कुठून आडवी येणार? डॉक्टरांनी भाषण दिलं नाही. आरसा घालून दोन्ही गाल ओढून पाहिले, जिभेखाली पाहिलं. पांढरा चट्टा नव्हता. "आज भरलेलं सिमेंटही ही घासून काढेल. आणि दात परत भरता येतात मावशी, गाल नाही." मावशी आधी सकाळची सोडायला तयार झाल्या, मग म्हणाल्या, सकाळची नको, संध्याकाळची सोडतो. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपासून सुरू करा, सकाळचं पुढल्या भेटीला बोलू.

पुढचा पेशंट उसाच्या ट्रॅक्टरवरचा. हातात गार पाण्याची बाटली, अधूनमधून घोट घेऊन गालात धरून ठेवत होता. थंडीनं दात शिवशिवतात म्हणून त्यानं दोन महिने दुकानातून महागडी पेस्ट आणली होती. आता मात्र चहानं ठणका उठतो, रात्र रात्र झोप नाही, आणि गार पाण्यानंच जरा बरं वाटतं. डॉक्टरांनी फवारा जागेवरच ठेवला आणि एक्स-रे काढला. आतली शीर सुजून वाचण्यापलीकडं गेली होती; रूट कॅनाल त्याच दिवशी सुरू झालं.