गारपीट आणि गारपगारी

जालना जिल्ह्याच्या उत्तरेला, भोकरदन-जाफराबादच्या अंगाला अजिंठ्याची डोंगररांग आहे. या भागात फेब्रुवारी ते मे या काळात अनेकदा दुपारनंतर आभाळ भरून येते आणि पाहता पाहता गारा कोसळतात. 11 फेब्रुवारी 2018 रोजी जालन्यासह शेजारच्या जिल्ह्यांत गारपीट झाली आणि काढणीला आलेला हरभरा-गहू झोडपला गेला.

गावाच्या एका शिवारात नासाडी आणि बांधापलीकडे साधा शिडकावा, हे पूर्वी देवाच्या कोपावाचून उलगडत नसे. म्हणून लगतच्या वऱ्हाडात गारा थोपवण्याचे काम गारपगारी समाजाकडे असे. ते मारुतीपुढे मंत्र म्हणत आणि त्याबदल्यात गावकरी त्यांना धान्य देत.

विज्ञानानुसार तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वेगाने वर चढते आणि उंच गर्जन मेघ तयार होतो. त्यात शून्याखाली जाऊनही न गोठलेले थेंब बर्फाच्या कणावर आदळून गोठतात. वर चढणारा वारा पेलू शकेल तोवर गार वाढत राहते. ती कापली, तर कांद्यासारखे पारदर्शक आणि दुधाळ पापुद्रे दिसतात. गारांचा पट्टा अरुंद असतो, कारण मेघातील असा जोरदार ऊर्ध्वप्रवाहच मर्यादित जागेत असतो.

गारा रोखण्याचा खात्रीचा उपाय आजही नाही. मोसंबी व द्राक्षबागांना आधार आहे तो गारपीटरोधक जाळी, वेळेवरचा इशारा आणि पीकविमा यांचा.