पंधरा हजारांत काय बदलू?

सकाळी 10:45
ग्रँट रोड स्टेशनवरून लॅमिंग्टन रोडला येईपर्यंत निम्मी शटर वर गेलेली असतात. आमच्या गाळ्यात शेठ गल्ल्यावर बसून डीलर लोकांचे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले रेट बघत असतात. 2025 सरता सरता रॅमचा भाव रोज सकाळी विचारायची वेळ आली. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी माल एआयच्या सर्व्हरकडे वळवला. मायक्रॉनने तर डिसेंबर 2025मध्ये क्रुशियल हा आपला किरकोळ ग्राहकांचा धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. ‘आधी रॅम वाढव, स्वस्तात काम होईल’ हा आमचा ठेवणीतला सल्ला होता. आता तो देण्याआधी भाव बघावा लागतो.

11:15
पहिलं गिऱ्हाईक डोंबिवलीचं. कॉलेजातला मुलगा, गर्दी ओसरल्यावरच्या लोकलने कॅबिनेट मांडीवर घेऊन आलेला.

“दादा, पंधरा हजार आहेत. ग्राफिक कार्ड दाखवा.”

“खेळतोस काय?”

“व्हॅलोरंट. कधीतरी जीटीए.”

“मॉनिटर?”

“144 हर्ट्झ. पण फाइट सुरू झाली की लॅग मारतो.”

कॅबिनेट उघडलं. 2017चा रायझेन 5 1600, बी450 बोर्ड, चार जीबीचं जीटीएक्स 1650, आठ जीबी रॅमची एकच स्टिक आणि साटा एसएसडी. त्याच्याच अकाउंटवरून गेम लावला आणि कोपऱ्यात आकडे दिसतील अशी सोय केली. एफपीएस 118च्या आसपास, धुमश्चक्रीत सत्तरवर आपटणारे. कार्डाचा वापर जेमतेम निम्मा. मग रिझोल्यूशन 1080वरून 720वर आणलं. कार्डाचं काम एवढं हलकं झाल्यावर, अडचण कार्डात असती तर एफपीएस उडी मारायला हवे होते. ते 120 झाले.

पंगतीत वाढपी चार आणि पोळ्या लाटणारी एकच, अशातली गत. पाचवा वाढपी आणून पान लवकर भरत नाही. प्रत्येक चित्रात कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, हा हिशेब प्रोसेसर करतो आणि मग कार्ड ते चित्र रंगवतं. व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेममध्ये रंगवायचं काम कमी आणि हिशेब सेकंदाला शेकडो वेळा. नवं कार्ड घेतलं असतं तर आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. वर, रॅमच्या स्टिकरवर 3200 लिहिलेलं, पण बायॉसमध्ये एक्सएमपी बंद, त्यामुळे ती 2400वर चाललेली.

“प्रोसेसर बदलू. 5600 बसेल याच बोर्डावर. सेकंडहँड आठ जीबीची जोडीची स्टिक मिळाली तर तीही टाकू. कार्ड राहू दे.”

त्याचा चेहरा पडला. मित्रांना कार्ड दाखवता येतं, प्रोसेसर पंख्याखाली गडप होतो. बाबांना फोन करून आला आणि म्हणाला, “करा. संध्याकाळी येतो.”

दुपारी 12:30
फुकटातलं काम. एकाची तक्रार, 144 हर्ट्झचा नवा मॉनिटर घेऊनही फरक नाही. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट अजून 60वरच होता. फोनवर सांगून बदलून घेतला. शेठ माझ्याकडे बघत होते. असल्या कामाचं बिल होत नाही.

1:00
वसईचे एक काका मुलाचा कॉम्प्युटर घेऊन आले. गेम सुरू झाला की दहाव्या मिनिटाला मशीन बंद पडतं. मुलाने शिल्लक टाकून सेकंडहँड आरटीएक्स 3060 घेतलेलं आणि काकांच्या मते ते खराब निघालं.

मी कार्डाला हात न लावता एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बाहेर काढला. खोक्यावर ठळक 450 वॉट. बाजूच्या छोट्या तक्त्यात 12 व्होल्टच्या रांगेत 18 अँपिअर.

“काका, अठरा गुणिले बारा किती?”

“दोनशे सोळा.”

“कार्ड एकटंच 170 वॉटचं. प्रोसेसर कागदावर 65चा आणि जोर लागला की त्याच्या बराच वर. दोघंही याच बारा व्होल्टवर चालतात.”

बाकीचे वॉट 5 आणि 3.3 व्होल्टच्या रांगांत मोजून 450ची बेरीज जुळवलेली. आजच्या मशीनला त्या रांगांचा फारसा उपयोग नाही. चांगल्या एसएमपीएसमध्ये जवळपास सगळी ताकद 12 व्होल्टवर मिळते. ब्राँझ, गोल्ड हे शिक्के वीज किती वाया जाते ते सांगतात, तेव्हा शिक्का बघितला तरी तक्ता वाचायचाच. आमचा 550 वॉटचा चाचणीचा एसएमपीएस जोडून अर्धा तास गेम चालवला. मशीन हूं की चूं करेना. एसएमपीएसने एफपीएस एकानेही वाढत नाही, म्हणून तो यादीत शेवटी ढकलला जातो. आधी कळस मग पाया.

2:00
डबा. भेंडी गार झालेली.

2:30
डोंबिवलीचं मशीन टेबलावर. आधी बायॉस. नवा प्रोसेसर जुन्या बायॉसला ओळखता येत नाही, म्हणून जुना 1600 जागेवर असतानाच अपडेट करायचं. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून फाइल एफएटी32च्या पेनड्राइव्हवर घेतली. मशीन यूपीएसवर लावलं, कारण अर्ध्यात वीज गेली तर बोर्डच हातचा जायचा.

मग मी दहा मिनिटं मशीनवर मुद्दाम भार टाकून ते तापवलं. या बोर्डाच्या एएम4 सॉकेटमध्ये बसणाऱ्या प्रोसेसरला खाली 1331 पिना असतात आणि वरून पट्टीने दाबून धरायची सोय नसते. थर्मल पेस्ट वाळून दगड झालेली असते. थंड मशीनमध्ये कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. तापवल्यावर पेस्ट मऊ पडते. मशीन बंद करून, स्क्रू सोडवून, कूलर डावी-उजवीकडे पिळायचा. पकड सुटल्याचं बोटांना कळतं. मगच उचलायचा. 1600 धडधाकट निघाला आणि शेठनी तो लगेच विकायच्या खणात ठेवला. त्याचे चार पैसे पोराच्या बिलातून वजा.

5600 बसवला. सोबतचा कूलर लावला. दुसरी स्टिक पहिलीपासून एक घर सोडून घातली, कारण दोन चॅनेल चालायला जागा चुकून चालत नाही. एक्सएमपी चालू केलं, तर दोन्ही स्टिक 3200वर टिकल्या. शिवाय विंडोज 10चा आधार 14 ऑक्टोबर 2025ला संपला आणि विंडोज 11च्या यादीत 1600 नाही. 5600 आहे. तो प्रश्न याच खर्चात सुटला.

4:00
एकजण ओएलएक्सवरून घेतलेलं आरएक्स 580 तपासायला घेऊन आला. सप्टेंबर 2022मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडलं, तेव्हा रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. त्यातली अजून फिरताहेत. राबलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण बघून घ्यावं लागतं. स्क्रूवर पेचकसाचे ओरखडे, थर्मल पॅडमधून झिरपलेलं तेल, पंख्याची खरखर. मग जीपीयू-झेड उघडलं. शेडर 2048. खऱ्या 580मध्ये 2304 असतात. नाव तेच, पण चिप कापलेली. विक्रेत्याने किंमत मात्र पूर्ण 580ची लावलेली. परत करता येतंय का बघ, म्हणालो.

5:00
सांगलीहून फोन. आय5-9400एफ, एच310 बोर्ड, जीटीएक्स 1060, सगळे गेम हार्डडिस्कवर. सहा हजारांत सायबरपंक नीट चालेल असं काय घेऊ, विचारत होता.

“एसएसडी. एफपीएस वाढणार नाहीत, आधीच सांगतो.”

पलीकडे शांतता.

“गाडीतून जाताना रस्ता, बिल्डिंगा उशिरा उगवतात ना? गेम मध्येच अडखळतो?”

“हो, तेच तर.”

2023मधल्या 2.0 अपडेटपासून या गेमने हार्डडिस्कला रामराम ठोकला आहे. त्याच्या किमान गरजांतच एसएसडी आहे. हार्डडिस्क सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास देते, तेही फाइल सलग असली तर. विखुरलेल्या फाइली शोधताना तिचा जीव जातो. साटा एसएसडी पाचशेच्या वर देते. बोर्डावर एम.2ची जागा आहे का याचा फोटो पाठव, नसेल तर साटाच घे, असं सांगून ठेवलं.

6:00
अंधेरीचे एक साहेब. अडीच लाख, रायझेन 7 9800एक्स3डी, आरटीएक्स 5070, काळं कॅबिनेट, लाइट भरपूर. कोटेशन पाच मिनिटांत. एवढ्या पैशांत एखादा निर्णय फसला तरी बाकीचे पार्ट सांभाळून घेतात. पंधरा हजारवाल्याला तसा आधार नसतो. त्याला सगळं बदलता येत नाही, तेव्हा कुठली उणीव अजून वर्षभर सोसायची तेवढंच त्याच्या हातात असतं. ते ठरवायला वेळ लागतो.

7:15
डोंबिवलीचा आला. गेम लावून दिला. एफपीएस दोनशेच्या वर. त्याने मुद्दाम धुराच्या फाइटमध्ये उडी घेतली, तरी 144च्या खाली येईनात.

“दादा, आणि नवे मोठे गेम?”

“टेक्स्चर मीडियमवर ठेव. चार जीबीत त्याहून जास्त मावत नाही.”

“मीडियम चालेल. लॅग नको होता.”

बिलाच्या मागे लिहून दिलं: पुढच्या वेळी आधी एसएमपीएस, मग आठ जीबीचं कार्ड. प्रोसेसरला तेव्हा हात लावायची गरज नाही.

तो गेल्यावर शेठनी बिल उलटसुलट केलं. “एवढ्याशा बिलासाठी दिवस घालवलास?”

“शेठ, एसएमपीएस आणि कार्ड दोन्ही तो आपल्याकडूनच नेणार आहे.”

“बघू,” म्हणाले आणि साहेबांच्या कोटेशनवर डिस्काउंट किती द्यायचा ते मोजायला लागले.