जुन्या मोटारीच्या कंडेन्सरची परीक्षा

रायपूरचा मे महिना ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना उन्हाळा म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. दुपारी पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, रस्ते ओस पडतात आणि घराघरांतून पंखे अहोरात्र फिरत राहतात. अशा दिवसांत छताचा पंखा एकाएकी मंदावला की घरातील गृहिणीही अचूक निदान करते, "कंडेन्सर गेला असेल." दुकानातून नवा आणावा, बसवावा, की पंखा पूर्ववत् फिरू लागतो.

याच कंडेन्सरचे एक धाकटे भावंड जुन्या मोटारगाडीत असते. अंगठ्याएवढी धातूची डबी आणि तिच्यातून निघालेली एक तार, एवढेच त्याचे रूप. परंतु ते बिघडले, तर भली थोरली गाडी भर रस्त्यात उभी राहते. पंख्याच्या कंडेन्सरचे निदान सोपे आहे. याचे मात्र नाही. कारण हा थंड असताना प्रामाणिक असतो आणि तापल्यावर दगा देतो.

नागपूरच्या वाटेवर

रायपूर आणि नागपूर यांचे नाते जुने आहे. भोसल्यांच्या काळापासून मराठी कुटुंबे छत्तीसगढात येऊन स्थायिक झाली आणि १९५६ सालापर्यंत रायपूरचा राज्यकारभारही नागपूरहूनच चालत असे. लग्नकार्य असो वा शिक्षण, या घरांची पावले दुर्ग, राजनांदगाव, देवरी, भंडारा या वाटेने नागपूरकडे वळत आली. पुढे अनेक घरांत अँबॅसडर आली, वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट आली, कोठे जीप आली. त्यांतील काही गाड्या नातवंडांनी आजही हौसेने राखल्या आहेत.

समजा, अशीच एक अँबॅसडर जुन्या गाड्यांच्या मेळाव्यासाठी सकाळी नागपूरला निघाली. राजनांदगावपर्यंत ती सुरेख चालली. तेथे चहासाठी अर्धा तास थांबून पुन्हा निघाल्यावर ती धक्के देऊ लागली आणि थोड्याच अंतरावर बंद पडली. तासभर झाडाखाली उभी केल्यावर ती आपोआप सुरू झाली. दहा मैल गेल्यावर पुन्हा तोच प्रकार! मिस्त्री येतो, प्लग पुसतो, कार्ब्युरेटर उघडतो, पेट्रोलचा पंप बदलतो. कंडेन्सर काढून मीटर लावतो आणि म्हणतो, "हा तर ठीक आहे." गाडी मात्र ठीक होत नाही. अखेर मालकाचा धीर सुटतो आणि वडिलांच्या आठवणीची गाडी भंगारवाल्याच्या दारी जाते. जुन्या गाड्या पाळणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.

ठिणगीमागची यंत्रणा

पेट्रोलच्या इंजिनात इंधन पेटविण्यासाठी हजारो व्होल्टची ठिणगी लागते. बॅटरी मात्र सहा किंवा बारा व्होल्टची. हे अंतर कॉइल भरून काढते. बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या जाड तारेतून वाहताना तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. डिस्ट्रिब्यूटरमधील 'पॉईंट' उघडले की प्रवाह तुटतो, ते क्षेत्र कोसळते आणि बारीक तारेच्या वेटोळ्यांत प्रचंड दाब उत्पन्न होतो. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर हे पॉईंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात आणि मिटतात.

अडचण येथेच आहे. नळ एकदम बंद केला की वाहते पाणी पाइपात धडक देते, हे आपण घरी पाहतो. वाहता विद्युत्प्रवाहही तसाच एकाएकी थांबावयास तयार नसतो. उघडणाऱ्या पॉईंटांमधील फटीतून तो उडी मारतो, तेथे ज्वाला उमटते, पॉईंट जळतात आणि प्लगला द्यावयाची शक्ती वाटेतच खर्च होते. ही धडक क्षणभर झेलून घेणारे भांडे म्हणजे कंडेन्सर. त्याने ती झेलली, की प्रवाह झटकन तुटतो आणि प्लगवर जोमदार ठिणगी पडते.

ही युक्ती मोटारीपेक्षाही जुनी आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ फिझो यांनी १८५३ साली प्रवर्तन-कॉइलच्या खंडकाला कंडेन्सर जोडून ठिणगीचे बळ वाढविले. पुढे चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने सिद्ध केलेली बॅटरीवरील प्रज्वलन-पद्धती १९१० सालच्या कॅडिलॅक गाड्यांत आली आणि तीच जगभर रूढ झाली.

डबीच्या आत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये मेण किंवा तेल मुरविलेला कागद यांची घट्ट गुंडाळी असते. पुढे कागदाऐवजी प्लॅस्टिकचा पापुद्राही आला. धारणशक्ती साधारणतः ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरड, म्हणजे पंख्याच्या कंडेन्सरच्या सुमारे एक दशांश; पण झेलावयाचा दाब मात्र काही शे व्होल्टचा. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने कागद दुबळा होतो व त्यातून प्रवाह झिरपू लागतो. उष्णता वाढली की झिरपणेही वाढते. गाडी थांबली म्हणजे पंखा आणि पाणी दोन्ही थांबतात. इंजिनाची धग बॉनेटखाली कोंडते. म्हणून दगा बहुधा चहाच्या थांब्यानंतरच होतो.

परीक्षा कशी घ्यावी

प्रथम पॉईंट पाहावेत. ते निळसर-काळे जळलेले असतील, किंवा एकावर खड्डा व दुसऱ्यावर टेकडी झाली असेल, तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. इंजिन फिरविताना पॉईंटांमध्ये लखलखीत जाळ दिसत असेल, तर कंडेन्सर आतून तुटलेला असण्याचा संभव आहे. तो आतल्या आत जोडला गेला असेल, तर ठिणगी मुळीच पडत नाही. मात्र डबी ज्या स्क्रूने बसविली आहे तो सैल किंवा गंजलेला असला, तरी अशीच लक्षणे दिसतात. तेव्हा आधी तो स्वच्छ करून घट्ट करावा.

त्यानंतर कंडेन्सर सोडवून त्याची तार डबीला क्षणभर टेकवावी, म्हणजे साठलेला भार निघून जाईल. मग मीटरने धारणशक्ती मोजावी. परंतु येथेच थांबू नये. साध्या मीटरचा दाब काही व्होल्टचाच असतो; इंजिनात काही शे व्होल्ट झेलावे लागतात. रिकामी टोपली उचलून हमालाची ताकद अजमावण्यासारखेच ते आहे.

यासाठी २५० किंवा ५०० व्होल्टचा मेगर वापरावा. त्याचा दाब कंडेन्सरच्या मर्यादेत आहे, याची खात्री करून घ्यावी. रोध काही दशक मेगोहमांच्या वर असणे चांगले. मग कंडेन्सर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तार बाहेर ठेवून, कढत पाण्यात पंधरा मिनिटे धरावा आणि पुन्हा मोजावे. पाणी आत जाता कामा नये. गरम झाल्यावर रोध थोडा उतरणारच. परंतु तो एका मेगोहमपर्यंत घसरला किंवा काटा डगमगू लागला, तर तो कंडेन्सर निरुपयोगी समजावा. प्रत्येक मापनानंतर भार काढून टाकण्यास विसरू नये. या दाबाचा झटका लहान मुलास तर मुळीच बसू देऊ नये. घरातील विजेच्या तारेवर कंडेन्सर भारून पाहण्याची जुनी रीत धोक्याची आहे. तिच्या वाटेस जाऊ नये.

मेगर नसेल, तर खात्रीचा दुसरा कंडेन्सर हीच उत्तम कसोटी. गाडी तापून बंद पडताच, जुन्याची तार सोडवून, दुसरा जोडावा. जुना तसाच ठेवून शेजारी नवा जोडल्यास झिरपणे चालूच राहते आणि परीक्षा फसते.

पेट्रोलचा दोष की विजेचा?

उन्हाळ्यात आणखी एक फसवणूक होते. उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन नळीत अडकते आणि गाडी तशीच बंद पडते. थंड झाल्यावर तीही सुरू होते. भेद ओळखण्यास ठिणगी पाहावी. कॉइलची मधली जाड तार निरोधक पकडीने इंजिनाच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटर अंतरावर धरावी आणि दुसऱ्याने इंजिन फिरवावे. जवळ पेट्रोल सांडलेले नसावे. निळी, कडकडीत ठिणगी पडली, तर दोष पेट्रोलकडे. पिवळट व मलूल पडली, तर विजेकडे. कॉइलही तापल्यावर बिघडते. कंडेन्सर बदलूनही ठिणगी सुधारली नाही, तर दृष्टी तिच्याकडे वळवावी.

नवा कंडेन्सर म्हणजे चांगला कंडेन्सर, असेही मानू नये. बाजारातील काही नवे थोड्याच दिवसांत जातात. नवाही गरम करून तपासावा, त्यावर तारीख लिहावी आणि तपासलेला एक गाडीत जपून ठेवावा.

भारत सरकारने २०२१ साली नियम करून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीची सोय केली आहे. या गाड्या रोजच्या वापरासाठी नव्हेत. प्रदर्शने, मेळावे आणि देखभाल यांसाठी त्या रस्त्यावर येऊ शकतात. कागदोपत्री त्या वाचतील. पण ठिणगी पडती ठेवणारे हात कमी होत आहेत. आजच्या गाड्यांत पॉईंट नाहीत, त्यामुळे तरुण मिस्त्रींना ते हाताळण्याचा प्रसंगच येत नाही. म्हणून ज्या घरात अशी गाडी आहे, तेथील मुलामुलींना एखाद्या रविवारी डिस्ट्रिब्यूटरचे झाकण उघडून दाखवावे. जी वस्तू उन्हात राबणार आहे तिची परीक्षा सावलीत बसून पुरी होत नाही, एवढे त्यांच्या ध्यानी आले, तरी आजोबांची गाडी आणखी एक उन्हाळा चालेल.