नव्या वर्षाचे तीन आंकडे



नवें वर्ष लागलें कीं मनुष्याला संकल्पांची हौस येते. यंदा खर्च कमी करीन, प्रकृतीकडे लक्ष देईन, असें प्रत्येक जण मनाशीं म्हणतो. आणि संक्रांतीचा तिळगूळ संपण्यापूर्वींच त्यांतील बहुतेक संकल्प संपलेले असतात. मनुष्याचें मन दुर्बळ, म्हणून असें होतें, असें म्हणण्याची रीत आहे. मला तें पुरतें पटत नाहीं. मुलांना अनेक वर्षें अंकगणित शिकविल्यावर माझें असें मत झालें आहे कीं, यांत दोष मनाचा थोडा आणि उदाहरण अपुरें मांडल्याचा अधिक. ‘खर्च कमी करीन’ या वाक्यांत आंकडाच नाहीं. मग उत्तर बरोबर आलें कीं चुकलें, हें तपासावें कसें? म्हणून पैसा आणि प्रकृति यांविषयींचे अगदीं साधे तीन संकल्प आज आपणांपुढें ठेवावयाचे आहेत, आणि तिन्ही आंकड्यांत ठेवावयाचे आहेत.

पहिला आंकडा दहावा भाग. आपला भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. गोंड राजवटींत कोहळी समाजाच्या कष्टाळू लोकांनीं येथें गांवोगांवीं तलाव बांधले. मालगुजारी पद्धति १९५१ सालीं संपुष्टांत आली, तरी मालगुजारी तलाव हें नांव अद्याप आपल्या तोंडीं आहे. या तलावांचें तत्त्व सोपें आहे. पाऊस चार महिने पडतो. पाण्याची गरज मात्र त्यानंतरही असते. म्हणून पाळ आधीं बांधावी लागते. पाणी वाहून गेल्यावर बांधलेल्या पाळीचा उपयोग काय?

धान पिकविणाऱ्याचा पैसाही असाच एकदम येतो. दिवाळीपासून जानेवारीपर्यंत धान विकून चार पैसे हातीं येतात. मंडईचे पाहुणे, लग्नकार्यें, मागील उसनवारी यांत ते वाहून जातात. आणि रोवणीच्या दिवसांत मजुरीसाठीं व खतासाठीं पुन्हां दुसऱ्यापुढें हात पसरावा लागतो. २०२५-२६ च्या हंगामासाठीं साधारण प्रतीच्या धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरली. या भावानें ३० क्विंटल विकणाऱ्यास ७१,०७० रुपये मिळतात. त्यांचा दहावा भाग ७,१०७. ज्या दिवशीं पैसे खात्यांत जमा होतात, त्याच दिवशीं हा दहावा भाग निराळ्या खात्यांत टाकावा. तो लग्नासाठीं नव्हे, दागिन्यासाठीं नव्हे. रोवणीसाठीं आणि आजारपणासाठीं. खर्च करून उरेल तें शिल्लक टाकूं, असें म्हणणाऱ्याचें कांहीं उरत नाहीं, हा सर्वांचाच अनुभव आहे.

ज्यांना रोजची मजुरी मिळते त्यांनीं टपाल कचेरींत महिन्याला १०० रुपयांपासून आवर्ती ठेव सुरू करावी. तिची मुदत पांच वर्षांची असते. स्त्रियांना बचत गटाची वाट आहेच. याच खात्यांतून आणखी एक काम करून घ्यावें. वर्षाला २० रुपयांत १८ ते ७० वर्षांच्या मनुष्यास दोन लाखांचा अपघात विमा मिळतो, आणि ४३६ रुपयांत १८ ते ५० वर्षांच्या मनुष्यास दोन लाखांचा जीवन विमा मिळतो. हे हप्ते मे महिन्याच्या अखेरीस खात्यांतून आपोआप वळते होतात. तेव्हां मे महिन्यांत खात्यावर निदान ४५६ रुपये राहतील एवढें पाहावें. नाहीं तर विमा खंडित होतो, आणि तें घरच्यांना नको त्या वेळीं कळतें.

दुसरा आंकडा शून्य, आणि तो खर्र्याचा. येथें पैशाचें खातें व प्रकृतीचें खातें एकाच पानावर येतें. या विषयावर बोलण्याचा मला अधिकार आहे, कारण मीं स्वतः पुष्कळ वर्षें खर्रा खाल्ला आहे. एकदां वर्गांत मीं फळ्यावर उदाहरण घातलें: एक मनुष्य रोज दहा रुपयांचा एक, असे तीन खर्रे खातो, तर वर्षाला त्याचे किती रुपये जातील? मुलांनीं १०,९५० हें उत्तर काढलें. मागच्या बांकावरच्या एका मुलीनें विचारलें, “गुरुजी, तो मनुष्य म्हणजे तुम्हीच ना?” सारा वर्ग हंसला. मला हंसूं आलें नाहीं. त्या रात्रीं आरशासमोर उभा राहून मीं आपलीं तीन बोटें, एकावर एक अशीं उभीं धरून, तोंडांत घालून पाहिलीं. निरोगी तोंडांत तीं सहज जावींत. माझ्या तोंडांत दोनच गेलीं.

डॉक्टरांनीं सांगितलें कीं, सुपारीमुळें गालांची आंतली त्वचा ताठर होत जाते, तोंड उघडेनासें होतें आणि पुढें कर्करोगाची भीति राहते. सुपारी, तंबाखूवांचूनही, कर्करोग उत्पन्न करते, हें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २००४ सालींच जाहीर केलें आहे. खर्र्यांत तर दोन्ही असतात. २०१६-१७ च्या पाहणींत महाराष्ट्रांतील २६.६ टक्के प्रौढ माणसें कोणत्या ना कोणत्या रूपानें तंबाखू घेतांना आढळलीं. म्हणजे चारांत एकाहून अधिक.

आतां पैशाचा हिशेब पाहूं. २० रुपयांचा एक, असे दोन खर्रे रोज धरले, तर महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,६०० रुपये होतात. आधारभूत किमतीनें हे सहा क्विंटलांहून अधिक धानाचे पैसे झाले. बांधींत चिखल करावा, वांकून रोवणी करावी, निंदावें, कापावें, चुरावें, आणि हे सहा क्विंटल पानठेल्यावर नेऊन ओतावे, असा याचा अर्थ. तेच १,२०० रुपये दरमहा आवर्ती ठेवींत टाकले, तर पांच वर्षांत मुद्दल ७२,००० होतें, व्याज निराळें.

सोडणें सोपें नाहीं. माझा पहिला निश्चय चार दिवस टिकला, दुसरा अठरा दिवस. तिसऱ्या वेळीं तो टिकला. पहिले दोन फुकट गेले असें मी मानीत नाहीं. पाळीला भगदाड पडलें म्हणून कोणी तलाव सोडून देत नाहीं, माती टाकून तें बुजवितात. ज्यास आधार हवा त्यानें १८००-११-२३५६ या सरकारच्या विनामूल्य दूरध्वनीवर बोलावें. माझें तोंड मात्र पूर्ववत् झालें नाहीं. तिखट भाजीचा घास आजही आग करतो. म्हणूनच तरुण श्रोत्यांना माझी विनंति आहे कीं, तीन बोटें जात आहेत तोंवरच थांबा.

तिसरा आंकडा पन्नास. रक्तदाब वाढला तरी बहुधा कांहीं दुखत नाहीं. म्हणून त्याची वार्ता पुष्कळदां पक्षाघातानेंच कळते. तो वाढविणाऱ्या गोष्टींत मीठ ही एक प्रमुख आहे. प्रौढ मनुष्यास दिवसाला पांच ग्रॅमहून कमी मीठ पुरे, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. चार माणसांच्या घरांत हें दिवसाला २० ग्रॅम होतें. म्हणजे एक किलोचें पुडकें ५० दिवस पुरलें पाहिजे. लोणचें, पापड, बाजारचा चिवडा यांतून पोटांत जाणारें मीठ निराळेंच. तेव्हां पुडकें ५० दिवसांहून अधिक टिकलें तर उत्तमच. पुडकें फोडाल त्या दिवशीं त्यावर तारीख लिहा. तें किती दिवसांत संपलें हें पाहणें, एवढेंच काम. याच्या जोडीला, घरांतील तीस वर्षांवरील प्रत्येकानें वर्षांतून एकदां तरी गांवच्या किंवा शेजारच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत जाऊन रक्तदाब व रक्तांतील साखर तपासून घ्यावी. तेथें त्यासाठीं पैसे पडत नाहींत.

दहावा भाग, शून्य आणि पन्नास. याहून अधिक संकल्प यंदा करूं नयेत. हे तीन आंकडे स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर मोठ्या अक्षरांत लिहावे, आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशीं घरांतील सर्वांत लहान वाचतां येणाऱ्या मुलाकडून ते तपासून घ्यावे. मुलें हिशेबांत भीड धरीत नाहींत, हें मीं स्वतः अनुभविलें आहे. त्या मुलीचें ऋण माझ्यावर आहे. आपल्याही घरांत असा एक परीक्षक असेल, त्याच्या हातीं खडू द्यावा.