आडव्या रेघा, उभ्या रेघा

मोठ्या इंकजेट मशीनवर फ्लेक्स छापला जातो तो जवळजवळ विणल्यासारखा. हातमागावर धोटा फिरावा तशी शाई उडवणारे हेड बसवलेली कॅरेज रुळावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते आणि प्रत्येक फेरीत शाईचा एक पट्टा सोडते. फेरी संपली की रोलर फ्लेक्सला काही मिलिमीटर पुढे ओढतो आणि कॅरेज पुन्हा निघते. एकच जागा दोन, चार किंवा आठ फेऱ्यांत भरली जाते. या फेऱ्यांना धंद्यात ‘पास’ म्हणतात. भारतात फ्लेक्स छापणाऱ्या अनेक मशीनांवर असलेले कोनिका मिनोल्टाचे 512 जातीचे हेड घेतले, तर त्याला 512 नोझल, म्हणजे शाईची बारीक छिद्रे, असतात आणि त्याचा पट्टा सुमारे 36 मिलिमीटर रुंद पडतो. नोझलमागच्या स्फटिकाला विजेचा ठोका मिळाला की त्याचा आकार क्षणभर बदलतो, कप्प्यातली शाई दाबली जाते आणि थेंब उडतो. या हेडच्या जाड थेंबाच्या प्रकारात एका थेंबाचे आकारमान 42 पिकोलिटर, म्हणजे व्यास साधारण 0.04 मिलिमीटर. माणसाचा केस याहून जाड असतो.

एवढे बारीक थेंब दहा फुटांच्या पन्ह्यावर एकमेकांशेजारी नेमके बसायचे, तर शाई, हवा, वीज, रोलर आणि कापड यांतले काहीही बिघडून चालत नाही. गिऱ्हाइकाची तक्रार मात्र एकाच वाक्याची असते: ‘प्रिंट खराब आली.’ आणि बहुतेक दुकानांत त्यावर पहिला हात जातो तो क्लीनिंगच्या बटणावर. ही सवय महागात पडते. क्लीनिंगमध्ये शाई जाते हे झालेच, पण दोष फीडमध्ये, म्हणजे फ्लेक्स सरकण्यात, किंवा फाइलमध्ये असेल तर दहा वेळा हेड धुऊनही तो हलत नाही. वर चांगल्या चालणाऱ्या नोझलमध्ये हवा शिरण्याची शक्यता असते ती वेगळीच.

दोष शोधण्याची सुरुवात खराब झालेल्या तुकड्यापासूनच करावी लागते. सोबत स्टीलची पट्टी आणि दहा पट मोठे दाखवणारे भिंग असले की पुरते. पहिल्यांदा रेघ कोणत्या दिशेने आहे ते पाहायचे. कॅरेज धावते त्या दिशेची ती आडवी, फ्लेक्स सरकतो त्या दिशेची ती उभी. बॅनर टांगताना बहुतेकदा फिरवला जातो आणि आडव्याची उभी होते, म्हणून तुकडा मशीनवरून उतरवण्याआधी मागे बाण काढून ठेवलेला बरा. मग रेघ एकाच रंगात आहे की सगळ्या रंगांत, आणि ती ठरावीक अंतराने परत येते का, हे पाहायचे. परत येत असेल तर ते अंतर पट्टीने मोजायचे.

याआधीही एक साधी कसोटी लावता येते. तेच चित्र सॉफ्टवेअरमध्ये नव्वद अंशांत फिरवून त्याचा हातभर तुकडा पुन्हा छापायचा. दोष चित्राबरोबर फिरला तर तो फाइलमधला, आणि चित्र फिरूनही दोष मशीनच्या त्याच दिशेने राहिला तर तो मशीनमधला. दोन-तीन चौरस फूट फ्लेक्स वाया जातो, पण अर्ध्या दिवसाची धडपड वाचते.

दोष मशीनचा आहे हे ठरले की नोझल चेक काढायचा. यात प्रत्येक नोझल आपली एक छोटी आडवी रेघ पायरीसारखी छापते. 512 नोझल असतील तर 512 रेघा, दर रंगाच्या वेगळ्या. जिथे पायरी गळते तिथली नोझल बंद असते. पण एका कागदावरून निदान होत नाही. चेक काढायचा, एकदा हलके क्लीनिंग करायचे, पुन्हा चेक काढायचा आणि दोन कागद शेजारी ठेवायचे. गळालेल्या रेघा दोन्हींत त्याच जागी असतील तर त्या नोझलमध्ये वाळलेली शाई किंवा कचरा अडकला आहे, नाहीतर ती कायमची गेली आहे. दुसऱ्या कागदावर जुन्या रेघा परत आल्या आणि नव्याच गळाल्या, तर नोझल धडधाकट आहेत. शाईबरोबर हवा येते आहे किंवा शाईच पुरेशी पोचत नाही. अशा वेळी आणखी क्लीनिंग न करता मशीन अर्धा-एक तास शांत ठेवले तर पुष्कळदा बुडबुडे आपोआप वर निघून जातात. रेघ आहे पण तिरकी झाली आहे, असेही दिसते. त्या नोझलच्या तोंडाशी काहीतरी चिकटलेले असते आणि थेंब सरळ न जाता बाजूला उडतो. एखादी आख्खी रांग किंवा रांगेचा ठरावीक भाग सुरीने कापल्यासारखा गायब असेल, तर शाईकडे पाहण्याआधी हेडची डेटा केबल आणि तिचा जोड तपासायचा. शाईचा अडथळा इतका नीटनेटका कधी नसतो. शेजारच्या रंगाची केबल बदलून लावली आणि दोष त्या रंगाकडे गेला, तर हेड सुटले. केबल काढण्याआधी मशीनची वीज पूर्ण बंद असली पाहिजे आणि जोडावर शाईचा थेंबही नको, नाहीतर चांगले हेड जळते.

या सगळ्यात पिवळा रंग फसवतो. पांढऱ्या फ्लेक्सवर पिवळ्याच्या बारीक रेघा डोळ्यांना दिसतच नाहीत आणि ऑपरेटर ‘यलो ओके’ म्हणून पुढे जातो. निळ्या एलईडीच्या उजेडात त्याच रेघा काळपट दिसतात आणि गळालेल्या पायऱ्या चटकन मोजता येतात.

नोझल चेक स्वच्छ आहे, छपाईही चांगली सुरू होते, पण दोन-तीन फूट गडद रंग छापला की एक रंग हळूहळू विरत जातो, ही वेगळी गोष्ट आहे. चेकला लागणारी शाई नगण्य. सलग रंगाला मात्र ती धारेने लागते आणि वाटेत कुठेतरी ती अडते. टाकीपासून हेडपर्यंत जाताना फिल्टर तुंबलेला आहे का, हेडआधीच्या छोट्या डबीची, म्हणजे डॅम्परची, जाळी गाळाने भरली आहे का, नळी मुडपली आहे का, एखाद्या जोडातून हवा ओढली जाते आहे का, हे क्रमाने पाहावे लागते. उलट बाजूचा बिघाड म्हणजे हेडमधून शाई आपोआप टपकणे आणि नोझल चेकमध्ये एका रंगात दुसरा मिसळणे. नोझलच्या तोंडाशी शाई थोपवून धरायला किंचित उणा दाब लागतो. तो गेला, किंवा हेड ज्यावर विसावते ते कॅपिंग बिघडले, की असे होते. छपाई चालू असताना वीज गेली आणि कॅरेज मध्येच उघडी राहिली तर हेड सुकते. भारनियमनाच्या भागात यूपीएस घेतला जातो तो मुख्यतः कॅरेज घरी परतावी म्हणून.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो आडव्या रेघांबद्दल. आडवी रेघ बंद नोझलमुळे येते, तशीच ती फ्लेक्स चुकीच्या मापाने सरकल्यानेही येते. फरक रंगावरून कळतो. फक्त सायन या एका रंगात रेघ असेल तर नोझल. सगळ्या रंगांत एकाच जागी असेल तर फीड. 36 मिलिमीटरचा पट्टा चार पासमध्ये भरायचा असेल तर फ्लेक्स दर वेळी 9 मिलिमीटर सरकायला हवा, दोन पासमध्ये 18. फ्लेक्सवरच्या रेघांमधले अंतर पट्टीवर बरोबर 9 भरले, तर फीडचा संशय पक्का. पांढरी रेघ म्हणजे फ्लेक्स जास्त सरकतो आहे आणि दोन पट्ट्यांत फट राहते. गडद रेघ म्हणजे तो कमी सरकतो आहे आणि पट्टे एकमेकांवर चढतात. या हेडच्या दोन शेजारच्या नोझलमधले अंतर 0.07 मिलिमीटर आहे, त्यामुळे तेवढीच चूकही डोळ्यांना टोचते. सॉफ्टवेअरमध्ये स्टेपचा, म्हणजे दर फेरीला सरकण्याचा, आकडा बदलून हे सुधारता येते. पण प्रत्येक जातीच्या मालाला आकडा वेगळा लागतो, कारण जाड फ्लेक्स आणि पातळ विनाइल रोलरवर सारखे चालत नाहीत. एका मालावर जुळवलेला आकडा तसाच ठेवून दुसरा रोल चढवणे, ही रोजची चूक.

रेघा 9 मिलिमीटरवर न येता कितीतरी लांब अंतराने येत असतील, तर रोलर मोजायचा. 50 मिलिमीटर व्यासाच्या रोलरचा परीघ सुमारे 157 मिलिमीटर भरतो. दर 157 मिलिमीटरला एक पट्टा दिसत असेल तर रोलरवर कुठेतरी शाईचा खडा वाळला आहे किंवा रोलर किंचित वाकडा आहे. स्टेपचा आकडा कितीही फिरवला तरी हा पट्टा जात नाही.

अक्षरांच्या उभ्या कडा दुहेरी दिसतात, बारीक मजकूर फुगतो, पण रेघा कुठेच नाहीत. अशा वेळी कॅरेज जाताना आणि येताना पडणारे थेंब जुळत नसतात. हेड आणि फ्लेक्स यांत 2 मिलिमीटरचे अंतर आहे, थेंब सेकंदाला 6 मीटर वेगाने उडतो आणि कॅरेज सेकंदाला 1 मीटर धावते, असे धरू. हवेचा विरोध सोडून दिला, तर थेंब खाली पोचेपर्यंत पुढच्या बाजूला 0.33 मिलिमीटर सरकलेला असतो. मशीन हे गृहीत धरून थेंब थोडा आधी सोडते. पण जाड मालासाठी हेड वर घेतले आणि अंतर 3 मिलिमीटर झाले, की हे सरकणे 0.5 मिलिमीटर होते. जातानाचा थेंब एका बाजूला आणि येतानाचा दुसऱ्या बाजूला चुकतो, मिळून 0.33 मिलिमीटरची फारकत. केसाच्या जाडीच्या चार-पाच पट. तीच फाइल एकाच दिशेने छापून पाहिली आणि कडा स्वच्छ आल्या, तर निदान झाले. मग बाय-डायरेक्शनचे माप नव्याने जुळवायचे. कायम एकाच दिशेने छापणे हा उपाय नव्हे, कारण त्यात वेळ जवळजवळ दुप्पट जातो.

उभ्या पट्ट्या त्या मानाने क्वचित येतात. कॅरेजला आपण कुठे आहोत हे रुळाच्या बाजूने ताणलेल्या पारदर्शक एन्कोडर पट्टीवरून कळते. अनेक मशीनवर तिच्यात इंचाला 180 रेषा असतात. तिच्यावर शाईचा शिंतोडा बसला की त्या जागी थेंब चुकीच्या क्षणी सुटतात. चित्र वीत-दीड वीत बाजूला सरकवून छापले तरी दोष मशीनच्या त्याच जागी येतो, ही त्याची खूण. एन्कोडर पट्टी मऊ कापडाने हलक्या हाताने पुसायची. जहाल सॉल्व्हंटने पुसली तर शाईबरोबर रेषाही जातात.

माल आणि हवा यांचा दोष हेडवर ढकलला जातो, हे नेहमीचेच. हिवाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत, प्लॅस्टिकच्या रोलवर स्थिर वीज साठते. थेंबांचे बारीक तुषार तिच्याकडे ओढले जातात आणि अक्षरांना लव फुटल्यासारखी दिसते. मशीनचे अर्थिंग नीट करणे आणि खोलीतली आर्द्रता 40 ते 60 टक्क्यांत ठेवणे, याने ते बहुधा थांबते. कोकणातल्या पावसाळ्यात उलटा त्रास होतो. कागदी माल ओल धरतो, लाटा घेतो आणि वर उचललेल्या जागी हेडला घासतो. तिथे वेडेवाकडे काळे डाग पडतात. गडद रंगाचा भाग ठिपकेदार, शाई गोळा झाल्यासारखा दिसत असेल तर हीटर कमी आहे, किंवा पासच्या मानाने शाई जास्त सोडली जाते आहे. हीटर जास्त झाला तर विनाइल सुरकुततो आणि नोझलच्या तोंडाशीच शाई वाळते.

रंग बदलला की आधी जुना नमुना काढायचा. मशीन नवे असताना एक ठरावीक चित्र छापून ते अंधारात जपून ठेवलेले असेल, तर वाद मिटतो. चित्रात तीन रंगांच्या मिश्रणाचा करडा पट्टा असावा, कारण एखादा रंग जरा कमी पडला की करडा लगेच हिरवट किंवा गुलाबी होतो. महाराष्ट्रात गिऱ्हाइकाचा डोळा सर्वांत तिखट असतो तो भगव्यावर. भगवा मुख्यतः पिवळा आणि मॅजेंटा यांवर उभा असतो. मॅजेंटाच्या नोझल गळाल्या की तो हळदीकडे झुकतो, मॅजेंटा जास्त झाला की लाल होतो. निळ्याचा जांभळा होणे मात्र बहुतेकदा मशीनचा गुन्हा नसतो. पडद्यावरचा झगझगीत निळा शाईत येतच नाही. निळ्यात मॅजेंटा सायनपेक्षा किमान 30 टक्क्यांनी कमी ठेवायचा, असा डिझायनरांचा जुना अंदाज आहे आणि तो सहसा चुकत नाही.

उरतात फाइलचे दोष. जुन्या पद्धतीच्या देवनागरी फॉन्टमध्ये बसवलेला मजकूर कर्व्ह न करता, म्हणजे अक्षरांचे आकृत्यांत रूपांतर न करता, पाठवला आणि दुकानातल्या संगणकावर तो फॉन्ट नसला, की मात्रा-वेलांट्या उडतात. याला हेडचा काही संबंध नाही. आकाशासारख्या फिकट होत जाणाऱ्या रंगात पायऱ्या दिसल्या तर फाइल पडद्यावर मोठी करून पाहायची, पायऱ्या तिथेही सापडतात. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा फोटो बहुधा मोबाइलवर चार ठिकाणांहून फिरून आलेला असतो. 1600 पिक्सेल लांबीचा फोटो दहा फुटांवर ताणला की इंचाला जेमतेम 13 पिक्सेल उरतात आणि एकेक पिक्सेल जवळजवळ 2 मिलिमीटरचा चौकोन होतो. चौकातून जाणाऱ्याला ते कळत नाही. फ्लेक्सखाली उभा राहून स्वतःचा चेहरा पाहणाऱ्याला कळते आणि फोन दुकानात येतो. नोझल चेक काढला तर सगळ्या पायऱ्या जागेवर असतात. मशीनने तो चौकोन जसाच्या तसा छापलेला असतो.