डिवचलं की उजळतं

बसा पोरांनो, दिवा जरा बारीक करा. करंज्याच्या बंदरात अंधाऱ्या पंधरवड्यात कधी वल्हं मारून बघितलंय का? एखाद्या साली पाणीच निळं पेटतं. माझी आजी म्हणायची, दर्यात चांदणं सांडलं. आणि मी खुळा, ते मडक्यात भरून घरी नेलं तर आत सगळा काळोख! हात घालून ढवळलं, की पुन्हा लख्ख. नॉक्टिल्युका नावाचे ते टाचणीच्या टोकाएवढे जीव. डिवचलं तरच उजळतात.

हे ध्यानात ठेवा, कारण सांगायचंय ते मूत्रपिंडाचं. पाठीतल्या त्या दोन शेंगा दिवसाला 180 लीटर पाणी गाळतात, दीडेक लीटर बाहेर टाकतात आणि बाकीचं रक्ताला परत करतात. आमच्या मिठागरातला मुकादमही इतका हिशेबी नसेल. पण भारी सोशिक. एखादं औषध बाधलं तरी कुरकुर नाही. रक्तातलं क्रिएटिनिन वाढून डॉक्टरांना संशय येईतो पुष्कळदा निम्मं काम बसलेलं असतं. गिधाडांचंही मूत्रपिंडानंच वाटोळं केलं. गुरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध मेल्या जनावरातून त्यांच्या पोटात जायचं, आणि काळजा-आतड्यांवर खडूसारखा पांढरा थर साचून पक्षी मरायचा. 2004 साली कारण सापडलं, 2006 मध्ये सरकारनं गुरांसाठी ते बंद केलं, तोवर आभाळ ओस. आपल्या रायगडात म्हसळ्याकडे चिरगावच्या रानात काही तगली.

तर मूत्रपिंडाची इजा वेळीच कळावी म्हणून 2019 साली सिंगापूरच्या नान्यांग विद्यापीठात कान्यी पू आणि मंडळींनी खबरे रेणू केले. चमकणाऱ्या रंगाला कुलूप घातलं आणि स्टार्चपासून होणाऱ्या साखरेचं कडं जोडलं, म्हणजे स्वारी रक्तातून मूत्रपिंडातच उतरते. तिथं सगळं ठीक असलं तर अंधारातच लघवीवाटे चालती होते. पण पेशीला इजा झाली, की त्या इजेतूनच कुलपाची किल्ली निघते! प्रत्येक खबऱ्याची किल्ली निराळी: आधी सुपरऑक्साइड, म्हणजे पिसाळलेला ऑक्सिजन, मग पेशीतल्या कचऱ्याच्या पिशव्या फुटून सांडलेलं पाचक, आणि पेशी मरणाला टेकली की कॅस्पेज नावाचं विकर. कुलूप उघडलं की रंग उजळतो, तोही तांबड्याच्या पलीकडचा, फक्त कॅमेऱ्यालाच दिसणारा.

कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन दिलेल्या उंदरांत या खबऱ्यांनी आधीच्या चित्रण-पद्धतींपेक्षा निदान 36 तास अगोदर वर्दी दिली. तेवढ्यात मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला कितीदा जाऊन याल!

पण हे उंदरांचं झालं. आपल्याला अजून क्रिएटिनिनच. आणि दुखण्यावरच्या गोळ्या माणसाच्या मूत्रपिंडालाही बाधू शकतात. तेव्हा तुमच्या आजीच्या डब्यातल्या कंबरदुखीच्या गोळ्या उद्या मोजून डॉक्टरांना दाखवून आणा रे कुणीतरी.